चालत्या गाडीचं बटण

इलियासने नव्या कोऱ्या गाडीच्या डॅशबोर्डखालून डोकं बाहेर काढलं आणि हात पुसता पुसता सांगून टाकलं.

“नाही बसवणार, शिवाशेठ.”

पनवेलच्या त्याच्या दुकानात शिवाशेठना तोंडावर नाही म्हणायची कुणाची टाप नव्हती. त्यांच्या ओवे गावातल्या निम्म्या गाड्यांचे हॉर्न, टेप आणि कुलपं त्यांच्याच शब्दावर इथे बसायची. तो शब्द फिरला तर माशा मारत बसायची पाळी येणार, हे इलियास जाणून होता.

“पलीकडचा दुकानवाला बसवतो,” शिवाशेठ म्हणाले. “मोबाइलवरनं बटन दाबला का चालती गाडी बंद. तुलाच काय झालाय?”

“नियमात बसत नाही. उभी गाडी सुरूच होऊ न देणारं यंत्र सांगा, आत्ता लावतो. पण चालतं इंजिन बंद पाडणारं नाही. कुणाच्या जानची जिम्मेदारी मी कशी घेऊ?”

“चोराची जान?” शिवाशेठ हसले. “अरे, रोज दुपारी मी जरा लवंडलो का गाडी जाते. चाराला परत जागेवर, धुवूनपुसून! मला भर नाक्यावर पकडाचा हाय. सगल्या गावानं बघितला पायजे.”

गाडी धुऊनपुसून परत आणून ठेवणारा चोर इलियासने उभ्या जन्मात पाहिला नव्हता. पण गिऱ्हाइकाच्या घरात डोकावू नये एवढं शहाणपण धंद्याने त्याला शिकवलं होतं.

“एक चक्कर मारू,” तो म्हणाला. “मग तुम्ही म्हणाल तसं.”

म्हणाला खरा, पण लगेच त्याला धडकी भरली. शिवाशेठ एकदा बोलले की एक घाव दोन तुकडे. चक्कर मारूनही ते बसवच म्हणाले, तर शब्द तरी मोडावा लागणार होता किंवा नियम तरी.

नवीन पनवेलच्या पलीकडे, रिकाम्या प्लॉटांमधल्या रस्त्यावर चिटपाखरू नव्हतं. शिवाशेठ ऐटीत गाडी चालवत होते. पुढे वळणावर खडीचा ढीग पडला होता.

“वीसच्या वर जाऊ नका. आणि आता चोर तुम्ही,” इलियास म्हणाला आणि त्याने हात लांबवून चावी एक घर मागे फिरवली.

इंजिन गप्प झालं. शिवाशेठनी स्टेअरिंग ओढलं, ते जड झालं होतं. पाय ब्रेकवर गेला. एकदा दाबला, दुसऱ्यांदा दाबला, तिसऱ्यांदा पायाखाली जणू दगडच आला. इलियासने हँडब्रेक खेचला, तेव्हा गाडी ढिगाच्या हातभर अलीकडे उभी राहिली.

शिवाशेठच्या तोंडचं पाणी पळालं होतं.

“अरे, मी मिठागरात टोपल्या वाहिलेला मानूस,” ते तळव्यांकडे बघत म्हणाले. “मला फिरवता नाय आला. तिला कसा फिरवता येनार?”

इलियासने ऐकलं. चोर एका दमात ‘तो’चा ‘ती’ झाला होता. त्याने खिडकीची काच खाली केली आणि बाहेर चरणाऱ्या शेळ्यांकडे मन लावून पाहायला सुरुवात केली.

शिवाशेठनी मोबाइल काढून बायकोला फोन लावला.

“चंद्रावती, घरीच हाय ना? ... नाय, काम काय नाय. असाच केला.” पलीकडून बराच वेळ काही तरी विचारणं चाललं होतं. “अगं, बरा हाय मी! तू जेवलीस का?”

असाच फोन करायची त्यांना अजिबात सवय नसावी. कानशिलं लाल झाली होती. इलियासला हा माणूस एकदम आवडूनच गेला.

दुकानात परत आल्यावर शिवाशेठ कुणाकडेही न बघता म्हणाले, “उभ्या गाडीचाच लाव. तुझ्या नियमातला.”

इलियासचा जीव भांड्यात पडला. तो पुन्हा डॅशबोर्डखाली शिरला. थोड्या वेळाने शिवाशेठ गाडीच्या दारापाशी आले, इकडेतिकडे पाहिलं आणि खाली वाकले.

“इलियास, शिकाऊ लायसनला फोटो लागतो ना?”

“लागतो की.”

शिवाशेठनी घसा खाकरला.

“डोक्यावर पदर असला तर चालतो?”