धवल्याला बक्षीस

रोह्याच्या चित्रपट महोत्सवात उत्कृष्ट संगीताचं बक्षीस आपल्या सिनेमाला मिळालं, हे सांगायला संगीतकार सुजयचा फोन आला तेव्हा मी पेणच्या वाचनालयात पुस्तकांना नंबर घालत होते. संगीत त्याचं; त्यातला आवाज माझ्या आईचा. आई, सीताबाई, धवलारीण होती. आमच्या खाडीकाठी लग्नाचे विधी धवले गाऊन होतात, आणि आसपासच्या गावांतली निम्मी लग्नं तिनेच लावली होती. माघात ती गेली. तिच्या वतीने मी मंचावर यावं, असं सुजयचं म्हणणं होतं. मी हो म्हटलं आणि मग विचारलं, तिथे गाणं वाजवणार का? वाजवणार होते.

आई गेल्यापासून मी तिचा आवाज ऐकला नव्हता. फोनमध्ये होता, पण उघडला नव्हता. गाणं सुरू झालं की बाहेर जाऊन उभं राहायचं आणि नाव पुकारलं की आत यायचं, असं मी ठरवलं.

बायजामावशीला नेण्याचं कामही माझ्याकडेच आलं. ती आईची जोडीदारीण. आईने ओळ म्हणायची, हिने ती झेलून परत म्हणायची, यात दोघींचा जन्म गेला. आईनंतर तिने लग्नांना जाणंच सोडलं होतं. रेकॉर्डिंगच्या दिवशी ती वडखळला साखरपुड्याचं जेवायला गेली आणि सिनेमात यायची राहून गेली, हा रागही होताच. आधी नाही म्हणाली. धवले म्हणणाऱ्या गावातल्या बाकीच्या बायका निघाल्या आणि शेजारचा दत्तात्रेय त्याची गाडी काढतोय, हे कळल्यावर मात्र हिरवं लुगडं नेसून, अबोली माळून दारात हजर. आपण नवरीकडचे की नवऱ्याकडचे, हे तिने वाटेत सगळ्यांना विचारून घेतलं.

सभागृहात आम्ही एक अख्खी रांग भरली. सुक्या बोंबलाच्या चटणीचा डबा उघडू नका, असं मी बजावलं होतं. वास तरीही पसरलाच. परीक्षकांनी भाषणात ओळींमधल्या शांततेचं फार कौतुक केलं. असं धाडस हल्ली कुणी करत नाही, म्हणाले. सुजय खाली मान घालून हसत होता.

दिवे मंदावले. मी उठले. पण कडेच्या खुर्चीवर बायजामावशी मांडी घालून बसली होती, आणि ती काही हलेना.

तेवढ्यात आईने पहिली ओळ म्हटली. आवाजात थोडी खरखर, नेहमीसारखी. ओळ संपली, ती थांबली. पडद्यावर मिठागराचं पाणी नुसतं चमकत राहिलं.

"ही शांतता व्हय?" मावशी मोठ्याने म्हणाली. "ही माझी जागा हाय."

आणि तिने ओळ झेलली. तिच्यामागून सगळ्या बायकांनी. त्या संपवतात न संपवतात तोच आईची दुसरी ओळ आली, अगदी वेळेवर. रेकॉर्डिंगच्या दिवशी घरात एकटी गातानाही तिने मावशीपुरता वेळ सोडला होता. आम्हाला गप्प करायला एक कार्यकर्ता उठला. सुजयने त्याला हाताला धरून बसवलं.

तिसऱ्या ओळीला आई जरा घाईत होती.

"सीते, दमान घे गो," मावशीने पडद्याला सांगितलं. "नवरी पलून नाय चालली."

लोक हसले. मीही हसले, आणि हसता हसता खाली बसले. पुढची ओळ झेलली तेव्हा त्यात माझाही आवाज होता. मी हे कधी शिकले, मला आठवत नाही.

मग गाण्याचा आवाज उतरू लागला. निवेदिकेने माझं नाव पुकारलं. मावशीने बसल्या जागेवरून हात वर केला. धवला अर्ध्यात सोडत नाहीत, एवढंच तिने सांगितलं. निवेदिका गोंधळून थांबली, आणि आवाज पुन्हा चढला.

पुढची ओळ आईची होती. आम्ही सगळ्या पडद्याकडे बघत राहिलो.