पहिली फुंकर

मशीन किंचाळलं आणि खोलीतल्या सगळ्या ड्रायव्हरांनी कोरड्यांकडे वळून पाहिलं.

"प्यायलेले आहात," नवा तपासनीस म्हणाला. "बाजूला व्हा. आज गाडी नाही मिळणार."

"कोण, मी?" कोरडे हसलेच. "अहो, दारू सोडून जमाना झाला. विचारा कुणालाही."

"मशीनला विचारलं ना आत्ताच."

कोरडे हे त्यांचं आडनाव नव्हे. एके काळी घरचे त्यांना गुत्त्यातून उचलून आणत. मग त्यांनी बाटली सोडली ती कायमची, आणि डेपोतल्या टवाळांनी हे नाव चिकटवलं. त्यांनी ते चारचौघांत मिरवलं. नवखे तर त्यालाच आडनाव समजायचे.

झालं होतं ते असं. फुंकायची नळी रोज सकाळी स्पिरिटच्या बोळ्याने पुसतात. ती वाळायच्या आत जो फुंकेल त्याला मशीन बेवडा ठरवतं, मग तो नुसतं दूध पिऊन का आलेला असेना. डेपोत हे सगळ्यांना ठाऊक, आणि त्यावरचा तोडगाही जुना. कंडक्टरांची तपासणी नसते, म्हणून त्यांच्यातल्या कुणीतरी गंमत करतोय असं दाखवत आधी फुंकून घ्यायचं. याला म्हणायचं बोहनी. बोहनीची नोंद होत नाही, आणि ती बहुतेक वेळा कोरड्यांचा स्वतःचा कंडक्टरच करायचा. आज नव्या तपासनिसाने आल्या आल्या कंडक्टरांना बाहेर हाकललं, नळी पुसली आणि विचारलं, "चला, पहिला कोण?"

एकेक ड्रायव्हर दुसऱ्याच्या पाठीमागे सरकू लागला. धडधाकट माणसांची ती चुळबुळ बघून कोरड्यांनाच लाज वाटली. "मी करतो बोहनी," ते म्हणाले. "माझ्यावर कोण संशय घेणार?"

आता मात्र त्यांचा आवाज चढला. "नळी ओली होती. पुन्हा घ्या."

"नियमात नाही."

"मग रक्त तपासा."

"त्याला साहेबांची सही लागते."

साहेब उगवले दुपारी. तोवर कोरडे बाकावर बसून राहिले आणि येणारे-जाणारे त्यांच्याकडे चोरून बघत राहिले. रक्त तपासलं. दारूचं नाव नव्हतं. तो कागद त्यांनी साहेबांच्या टेबलावर जवळजवळ आपटलाच.

"आता नाही, बरोबर आहे," साहेब शांतपणे म्हणाले. "सकाळची दुपारपर्यंत उतरलीच असणार."

कोरड्यांच्या तळपायाची आग मस्तकात गेली. "साहेब, सही तुमची. उशीर तुमचा. आणि माझी उतरली?"

"आवाज खाली. नळी ओली होती म्हणता. मग रोज सकाळी कसं काय होत नव्हतं असं?"

या प्रश्नाला उत्तर एकच होतं, आणि ते दाराशी उभं होतं. साहेबांनी कंडक्टरलाही जबाबासाठी बोलावलं होतं. दोघांनी उमेदीची सगळी वर्षं एका गाडीवर घालवली होती, एका डब्यात जेवले होते. बोहनीचं सांगितलं तर मशीनशी छेडछाड केली म्हणून कंडक्टरची नोकरी जाणार, हे कोरड्यांना कळत होतं. पण सांगायचं की नाही हे त्याने ठरवायचं होतं. त्यांनी त्याच्याकडे पाहिलं. तो तिकिटाच्या पिशवीचा पट्टा घट्ट करत होता. पट्टा घट्टच होता.

"बोल की रे," कोरडे म्हणाले.

"मला काय ठाऊक, साहेब," कंडक्टर म्हणाला. "आम्ही तर बाहेर होतो."

हरामखोर, हा शब्द कोरड्यांच्या ओठांपर्यंत आला. त्यांनी तो गिळला, आणि त्याच्याबरोबर बोहनीही गिळली.

"असं करा," साहेबांनी कागद पुढे सरकवला. "थोडी घेतली होती, चूक झाली, एवढं लिहून द्या. पंधरा दिवसांत कामावर घेतो. नाहीतर चौकशी. ती कधी संपेल हे मलाही सांगता यायचं नाही."

"घेतली असती तर लिहून दिलं असतं," कोरडे म्हणाले आणि उठले.

डेपोतून घरी आधीच फोन गेला होता. कोरडे दार लोटून आत आले तर घर उलटंपालटं. गादी उचकटलेली, माळ्यावरची ट्रंक खाली, पिठाचा डबा परातीत रिकामा केलेला. बायको स्टुलावर चढून पाण्याच्या टाकीमागे बॅटरी मारत होती. पूर्वीच्या सगळ्या जागा तिच्या लक्षात होत्या, एकूण एक. इतकी वर्षं ती हसली, बोलली, चारचौघांत नवऱ्याचं कौतुक केलं, आणि एकही जागा विसरली नाही.

"अगं, मी घेतलेली नाही."

"तेव्हाही हेच म्हणायचात तुम्ही," ती म्हणाली. तिच्या डोळ्यांत पाणी होतं आणि आवाजात संताप. "मशीन काय खोटं बोलेल?"

ओरडावं, परात भिरकावावी, दार आपटून निघून जावं, असं सगळं त्यांना एकदमच वाटलं. तसं काही केलं असतं तर ते प्यायलेल्या माणसासारखंच दिसलं असतं, आणि याच गोष्टीचा त्यांना सगळ्यात जास्त राग आला.

"उतर खाली," ते म्हणाले. "एक जागा राहिली तुझी."

ती खाली उतरली. कोरडे तिच्या शिलाई मशीनच्या टेबलापाशी गेले, गुडघे टेकून बसले आणि खालचा खण ओढून पूर्ण बाहेर काढला. मागे हातभर पोकळी होती. याच टेबलाशी बसून तिने दिवसाचे दिवस लोकांचे कपडे शिवले होते, आणि त्या काळात बाटली तिच्या पायाशीच असायची.

"इथे?" ती कशीबशी म्हणाली.

"इथे. बघ."

त्यांनी तिच्या हातातली बॅटरी घेतली. आत धूळ होती आणि दोऱ्यांची तुसं. बाकी काही नव्हतं, हे उघड दिसत होतं. तरीही तिने कोपरापर्यंत हात आत घातला आणि कोपरा न् कोपरा चाचपला. तिचं होईपर्यंत ते बॅटरी धरून बसले.