वाफ वजा जाता

“लाल झाली! अहो, या बाहेर, लाल झाली!”

समोरचा सायकलवाला बोंबलला आणि मी इस्त्री तशीच उभी करून रस्त्यावर पळालो. लॉन्ड्रीच्या दारावर टांगलेली डबी लालभडक झाली होती. दूधवाली थांबली, शाळेची रिक्षा थांबली. सगळे आकडा बघायला माना वर करून उभे!

“बघा!” मी म्हणालो. “आता बोला! म्हणे हवा स्वच्छ!”

डबी म्हणजे साबणाच्या वडीएवढी. आत एक पंखा, एक दिवा आणि हवेतली धूळ मोजणारा सेन्सर. माझ्या मेव्हण्याने आपल्या बहिणीसाठी पाठवली होती. एका बुटाच्या जोडाएवढी किंमत असेल नसेल, पण आली त्या दिवसापासून मला झोप नाही. कारण माझ्या बायकोचं म्हणणं पहिल्यांदाच कुणीतरी आकड्यात सांगत होतं.

आमच्या गल्लीच्या वळणावर फाउंड्री आहे, लोखंड वितळवायची. आम्ही दुकानाच्या वरच राहतो. संध्याकाळ झाली की हिला धाप लागते. दोन जिने चढल्यासारखी, नुसती बसल्या जागी. डॉक्टरांनी तपासलं, छातीचे फोटो काढले आणि म्हणाले, मनाला लावून घेऊ नका. शेजारच्या खोलीत राहणाऱ्या आमच्या वहिनी तर तोंडावर म्हणायच्या, “भांडी घासायची वेळ झाली की बरी हिला धाप लागते!” प्रदूषण खात्याकडे गेलो तर ते म्हणाले, आमच्या यंत्रात हवा समाधानकारक आहे. यंत्र कुठे? तर शहराच्या पार दुसऱ्या टोकाला, तळ्याकाठी! तिथे बदकं तरी खोकतील का?

म्हणून ही डबी. मी ती मुद्दाम दुकानाच्या दारावर लावली, येणाऱ्या-जाणाऱ्याला दिसावी म्हणून. रोज सकाळपासून आकडे असे चढायचे की काय सांगू! मी गल्ली पेटवली. सह्या घेतल्या, अर्ज दिला, आणि खात्याने चक्क सुनावणी लावली.

सुनावणीला आम्ही लग्नाला जावं तसे गेलो. एका बाजूला फाउंड्रीचे मालक, एका बाजूला आमची गल्ली, मध्ये खात्याच्या इंजिनिअर मॅडम. मी उभा राहून पंधरवड्याचे आकडे घडाघडा म्हणून दाखवले. टाळ्या पडल्या हो!

मॅडमनी शांतपणे विचारलं, “डबी कुठे लावली होती?”

“दुकानाच्या दारावर.”

“दुकान कसलं?”

“लॉन्ड्री. वाफेच्या इस्त्र्या आहेत, दोन-दोन!” मी ऐटीत सांगितलं. गाढवपणा बघा माझा.

टेबलावर चहाची किटली होती, तिचं झाकण त्यांनी काढलं आणि मी सोबत नेलेली डबी वाफेवर धरली. हिरवी डबी पिवळी झाली, मग लाल, आणि आकडा आमच्या गल्लीच्याही वर गेला!

फाउंड्रीचे मालक पोट धरून हसले. “मॅडम, नोटीस काढा! चहाला नोटीस काढा!”

त्यांची माणसं हसली, आणि आमच्या गल्लीतलीही हसली. माझे कान तापले. फाउंड्रीची भट्टी पेटते संध्याकाळी आणि माझे आकडे चढायचे सकाळपासून, म्हणजे मी इस्त्री लावली की! हे माझ्या डोक्यात कसं आलं नाही? मी मागे पाहिलं. ही खाली मान घालून बसली होती. वहिनी तिच्या कानाशी म्हणाल्या, “झालं समाधान? आणलं ना सगळ्यांना हसायला?”

“हसू नका,” मॅडम म्हणाल्या. त्यांनी किटलीचं झाकण परत लावलं. “डबी खोटारडी नाही, भाबडी आहे. धूळ आणि पाण्याचे थेंब यातला फरक तिला कळत नाही. पण धूळ असली की तीसुद्धा तिला दिसतेच. ती किती नीट दिसते ते मला बघायचंय. डबी इथे ठेवून जा. आमच्या मोठ्या यंत्राशेजारी लावते. दोघं काय बोलतात ते बघू.”

ते दिवस मी कसे काढले माझं मला ठाऊक. परीक्षा डबीची आणि धावपळ माझी! ऊठसूट मॅडमना फोन. शेवटी त्याच म्हणाल्या, “अहो, तिला अभ्यास तरी करू द्या!”

मग त्यांचाच फोन आला. “पास!”

“पास?” मी दुकानातच उडी मारली. “ऐकलं का गं? पास झाली!”

“पूर्ण मार्क नाहीत,” मॅडम म्हणाल्या. “मोठं यंत्र चढलं की तीही चढते, उतरलं की उतरते. मात्र हवा दमट झाली की वाढवून सांगते. किती वाढवते ते आता मला कळलंय, तेवढं मी वजा करीन. आता ती तुमच्या घरी, काकूंच्या खिडकीत लावा. आणि वाफेची इस्त्री बंद.”

“किती दिवस?”

“मी सांगेपर्यंत.”

हिला सांगितलं तर ही घाबरली. “अहो, हॉटेलच्या चादरी आहेत. दुसऱ्याकडे जातील. राहू दे, मला आता सवय झालीये.”

“सवय गेली खड्ड्यात!” मी म्हणालो आणि शटर ओढलं.

चादरी गेल्याच दुसऱ्याकडे. जाऊ देत. मी वर खिडकीशी खुर्ची टाकून बसायचो, क्रिकेटची मॅच बघावी तसा. सकाळी हिरवा, दुपारी हिरवा. मग संध्याकाळी ही हातातलं काम ठेवून म्हणायची, “आली.” मी आकड्याकडे बघायचो. काही नाही. आणि थोड्या वेळात, देवाशपथ सांगतो, आकडा हलायचा! पहिल्यांदा तसं झालं तेव्हा मी गल्लीभर ओरडत सुटलो. वहिनी आपल्या दारात येऊन उभ्या राहिल्या. दुसऱ्या दिवशी त्या संध्याकाळी येऊन आमच्या खोलीतच बसल्या. ही “आली” म्हणाली, आकडा चढला, आणि वहिनी हिच्या तोंडाकडे बघत राहिल्या.

दुसरी सुनावणी. मॅडमनी कागद वाचला. वाफ वजा, दमटपणा वजा. उरलेला आकडा माझ्या जुन्या आकड्याच्या निम्मासुद्धा नव्हता.

“एवढाच?” माझ्या तोंडून निघून गेलं.

“एवढाच. पण रोज संध्याकाळी, भट्टी पेटल्यावर, मर्यादेच्या वर. भट्टीच्या सुट्टीच्या दिवशी नाही.”

आमच्या बाजूने एकच गलका झाला! सायकलवाल्याने मला उचललंच. फाउंड्रीचे मालक आता हसत नव्हते. “मॅडम, थोडासा तर वर आहे,” ते म्हणाले. “तेवढ्याने कुणाला काय होतंय?”

मॅडमनी आमच्याकडे पाहिलं. “त्रास कुणाला होतो? त्यांनी सांगावं.”

सगळे माझ्याकडे वळले. मी उठलो, घसा साफ केला. तेवढ्यात वहिनींनी माझा सदरा धरून मला खाली बसवलं. “बसा भाऊजी. तिला बोलू दे.”

ही उभी राहिली. पुढच्या खुर्चीची पाठ धरली. एवढ्या लोकांत ती कधी बोलली नव्हती.

“भट्टी पेटली की आधी घशात येतं,” ती म्हणाली. “जळकं. मग छाती...”

आणि तिथे तिचा श्वास संपला.

पुढचं मला पाठ आहे. इतकी वर्षं डॉक्टरांपुढे, पाहुण्यांपुढे तिचं वाक्य मीच पुरं करत आलोय. तोंड उघडलंही होतं. मिटलं.

मॅडमनी पेन खाली ठेवलं. मालकांनी एकदा मनगटावरच्या घड्याळाकडे पाहिलं, मग हात टेबलाखाली घेतला. पंख्याचा आवाज तेवढा येत होता. ती खुर्ची धरून उभी होती, खांदे वर-खाली होत होते. एवढी खोलीभर माणसं तिच्या श्वासासाठी थांबली होती, आणि ती घाई करत नव्हती.

“मग छाती आवळते,” ती म्हणाली.