भिंगरीचं पॅकिंग

मुलीला बापाइतकं जपणारं जगात दुसरं कोणी नाही, हे त्रिवार सत्य आहे. ते पसरवण्याचं काम मुख्यतः बापच करतात, त्यामुळे आजवर त्याला कोणी पुरावा मागितलेला नाही.

भिंगरीचा बाप काचसामानाच्या गोदामात पॅकर होता. एकोणीस वर्षांत त्याने बांधलेल्या खोक्यातून एक पेलाही तडकून निघाला नव्हता. मुलगी पाय फुटल्यापासून स्वतःभोवती गरागरा फिरायची, म्हणून भिंगरी. सातव्या वर्षी नुसती कॉटवरून उतरताना तिचं मनगट मोडलं. चार महिन्यांनी दुसरा हात. तेव्हाच्या डॉक्टरांनी प्लास्टर घातलं, "मुलं पडायचीच" म्हणाले आणि पुढच्या पेशंटला हाक मारली. बापाला हे पटलं नाही. त्याच्या धंद्यात वस्तू फुटली की दोष वस्तूचा नसतो, पॅकिंगचा असतो.

मग त्याने घर पॅक केलं. टेबलाच्या कोपऱ्यांना फोम, कपाटाच्या कडांना फोम, जमिनीवर गाद्या. शाळा बंद, अभ्यास घरी. चढून बसेल म्हणून खिडकीही बंद. बाहेर जायचं झालंच तर कडेवर.

"अहो, आता तिच्या पाठीवर 'वरची बाजू' असा बाण तेवढा काढा," भिंगरीची आई म्हणाली.

"थट्टा सुचतेय तुला."

"दोन वर्षांत पोरीने ऊन पाहिलं नाही."

"हाड मोडलं का? तेवढं सांग."

हाड मोडलं नव्हतं.

नवव्या वर्षी भिंगरी जोरात शिंकली आणि पाठ धरून ओरडली. एक्स-रेमध्ये पाठीचा एक मणका चेपलेला दिसला. या वेळच्या डॉक्टरबाईंनी हाडांची घनता मोजून घेतली. ती तिच्या वयाच्या मानाने फारच कमी निघाली.

"दोन वर्षं ही करत काय होती?" बाईंनी विचारलं.

बापाने सगळं सविस्तर सांगितलं, फोमच्या जाडीसकट. बाईंचं लिहिणं थांबलं.

"हाड काचेसारखं नसतं हो. त्याच्यावर वजन पडलं, चाललं-खेळलं, की ते भरतं. बसून राहिलं की विरत जातं."

"म्हणजे हे माझ्यामुळे?"

"मूळ दुखणं तुमच्यामुळे नाही. ते आधीपासूनच असणार, शोधू आपण. पण त्यात भर पडली."

बाई खोटं बोलल्या असत्या तरी त्याने बिल भरलंच असतं.

दर तीन महिन्यांनी हाडं बळकट करणारं औषध शिरेतून द्यायचं ठरलं. शिवाय कॅल्शियम, ड जीवनसत्त्व आणि ऊन. उड्या मारायच्या नाहीत, पण पाठ दुखायची थांबली की रोज आपल्या पायांनी चालायचं, जिना चढायचा-उतरायचा. पहिल्या सलाइननंतर भिंगरीला दोन दिवस ताप आला. तो येणार हे बाईंनी सांगून ठेवलं होतं, तरी बाप दोन्ही दिवस उशाशी बसून राहिला. तिसऱ्या दिवशी त्याने घरातला सगळा फोम उचकटून काढला.

दीड महिन्याने पाठ शांत झाली. बाप जिन्यात तिच्या खालच्या पायरीवर उभा राहिला.

"चल, उतर."

"उचल ना, बाबा."

"नाही. आपलं आपण उतरायचं."

"पडले तर?"

"मी आहे ना."

"पडल्यावर काय उपयोग? पडायच्या आधी धरायचं असतं. तूच म्हणतोस."

तिचा सूर तक्रारीचा नव्हता. पाठ केलेला धडा म्हणावा तसं ती म्हणत होती. बापाचे हात आपोआप पुढे झाले. त्याने ते पाठीमागे नेऊन एकमेकांत घट्ट अडकवले.

"मी चुकीचं सांगितलं होतं," तो म्हणाला.

भिंगरीने त्याच्याकडे बराच वेळ संशयाने पाहिलं. मग दोन्ही हातांनी कठडा धरला आणि खालच्या पायरीवर पाऊल ठेवलं.

जिन्याला बावीस पायऱ्या आहेत. त्या दिवशी ती तीन उतरली.