लाफाएलेबाबाचं शहाळं

शाळेच्या पटांगणात आज चौथी मुलगी कोसळली. अर्धं गाव कुंपणाशी जमलं. लाफाएलेबाबाने शहाळ्यावर फुंकर मारली, मुलीच्या कपाळाला तेल चोपडलं आणि शहाळं तिच्या ओठांना लावलं.

"उतर, उतर खाली! बघा रे, मानेपर्यंत आलं, आता टाचेतून पळणार!"

थोड्या वेळाने मुलगी उठून बसली. बायांनी हात जोडले.

"भूत येतं ताइमानेमुळे," बाबाने निकाल दिला. "तिन्हीसांजेला केस मोकळे सोडून किनाऱ्यावर फिरते. शनिवारच्या बोटीने पाठवा तिला बेटाबाहेर."

शाळेत शिकणारी ताइमाने मुख्याध्यापिका सिनिवाच्या मागे उभी होती. सिनिवाला राग यायला हवा होता. आला नाही. गेल्या वर्षी याच बाबाच्या तेलावर भरवसा ठेवून तिचा नवरा दवाखान्यात गेला नाही, आणि जिवानिशी गेला. तेव्हापासून आत सगळं बधिर होतं. डोळे तेवढे काम करत. त्यांना दिसलं होतं की पडतात ती मुलं पहाटे चर्चमधल्या गाण्याच्या सरावाहून थेट शाळेत येणारी.

गावप्रमुख आसोमुआला ती म्हणाली, "काका, शनिवारपर्यंत थांबा. एका वेळी एकच गोष्ट बदलून बघते. आम्हा शिक्षकांत याला कृतिसंशोधन म्हणतात."

दुसऱ्या दिवशी एका वर्गात चक्कर आलेल्यांना बाबाचं शहाळं दिलं, दुसऱ्यात शाळेच्या झाडाचं, मंत्राविना. दोन्हीकडची मुलं सारखीच सावरली.

"माझी शक्ती भिंतीपलीकडेही जाते, बाई!" बाबा गरजला.

"मग उद्या घरूनच पाठवा. उन्हात कशाला येता?"

कुंपणाशी कोणीतरी फिसकन हसलं.

त्याच्या दुसऱ्या दिवशी सरावाहून आलेल्या मुलांना सिनिवाने आधी कोको घालून शिजवलेला गोड भात खाऊ घातला. शहाळं नाही, तेल नाही. आणि ताइमानेला म्हणाली, "केस सोड. पहिल्या बाकावर बस."

घंटा वाजेपर्यंत कोणीही पडलं नाही.

"काका, सकाळी तुम्हाला कोण वाढतं?"

"पोरं. मोठी जेवली की मग पोरं. रीतच आहे आपली."

"आणि तुम्ही जेवत असता तेव्हा सरावाची घंटा होते."

 आसोमुआ हळूच म्हणाला, "माझी नात दोनदा पडली."

"उपाशी होती. शहाळ्यात साखर असते, पाणी असतं. बाबाने तिला न्याहारी दिली, एवढंच. नाव मात्र भुताचं घेतलं."

"पण रीत..."

"सरावाच्या दिवसांत पोरांना आधी वाढा. देव रागावणार नाही."

लाफाएले केव्हा निघून गेला ते कोणी पाहिलं नाही.

शनिवारी बोट ताइमानेला न घेता सुटली. सिनिवा धक्क्यावर उभी होती. आनंद व्हायला हवा होता. तोही झाला नाही. शेजारी ताइमानेचे केस वाऱ्यावर उडत होते.

"वेणी घालू का?"

"नको, बाई."

"बरं."

भूत शोधायला कोणाच्या केसांत हात घालण्याआधी चक्कर आलेल्याच्या ताटात काय पडलं ते पाहावं. तिथे उत्तर नसेल, तर आणखी एक गोष्ट बदलून पाहावी. पाहायचं मात्र सोडू नये.