वीस लाख अंकी

माझा भाऊ क्लेम चौदाव्या वर्षी शाळा सोडून वॉलरू बंदराच्या धक्क्यावरच्या गव्हाच्या कोठारात लागला आणि थेट निवृत्त होऊनच बाहेर पडला. त्यानंतर त्याने आमच्या कपडे धुण्याच्या खोलीत चार कॉम्प्युटर मांडले आणि मूळ संख्या शोधायला घेतल्या. एक आणि स्वतः सोडून ज्यांना कशानेच भाग जात नाही, त्या.

या छंदातल्या त्याच्या मंडळींची रीत ठरलेली होती. दोनला दोननेच लाखो वेळा गुणायचं, जे येईल त्याला एका छोट्या विषम आकड्याने गुणायचं आणि शेवटी एक मिळवायचा. जगभरातले हौशी लोक असे आकडे वाटून घेत आणि आपापल्या घरी तपासत. क्लेमने अकरा वर्षं तपासले. एकही निघाला नाही.

"अकरा वर्षं!" मी म्हणायचे. "एवढ्यात तू नवी बायको तरी शोधली असतीस."

"ती सापडायची शक्यता याहून कमी आहे, एव्ही."

त्या फेब्रुवारीत त्याचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं. दुसऱ्या दिवशी सकाळी एका डोळ्यावर पट्टी, दुसऱ्याने धड दिसत नाही, म्हणून निकाल वाचायचं काम माझ्याकडे आलं. मी चहाचा कप घेऊनच उभी राहिले. पहिल्या यंत्रावर 'भाग गेला'. दुसऱ्यावर तेच. तिसऱ्याची ओळ मात्र वेगळी होती.

"इथे भलतंच काहीतरी आलंय. बिघडलंय वाटतं."

"काय लिहिलंय ते वाच."

"'मूळ संख्या आहे.'"

तो म्हणाला, "परत वाच." मी वाचलं. "अक्षर न् अक्षर वाच." तेही वाचलं. तो चाचपडत पुढे आला, त्याने यंत्राच्या गरम पत्र्यावर तळहात ठेवला आणि बराच वेळ काढलाच नाही. अकरा वर्षांत मी त्याला रडताना पाहिलं नव्हतं, ते तेव्हा पाहिलं.

पण एका यंत्राचा शब्द पुरत नाही. त्याच मंडळींपैकी एस्टोनियातली पिरेट नावाची बाई वेगळ्या प्रोग्रॅमने तोच आकडा पुन्हा तपासणार होती. तीन दिवस क्लेम धड जेवला नाही. माझ्या हातच्या मांस-बटाटा भरलेल्या पेस्टीचे कोपरे तेवढे कुरतडायचा. चौथ्या दिवशी तिचा ईमेल आला. एकच ओळ होती: "खरा आहे. अभिनंदन, मिस्टर ट्रेगेन्झा."

वीस लाख अंक. क्लेमने ते बारीक अक्षरात छापून आणले, तर चारशे पानं झाली. गावात बातमी पसरली आणि खेकडे पकडणाऱ्या रेक्स पेंगिलीने फर्मावलं, "सभागृहात वाचून दाखवू या. एका दुपारचं तर काम!"

रविवारी पन्नासेक माणसं जमली. आळीपाळीने एकेक ओळ वाचायची असं ठरलं. सात, शून्य, तीन, तीन, आठ... सुरुवातीला हशा, टाळ्या. रेक्स चुकला तेव्हा त्याची बायको ओरडली, "घरी खेकडे मोजतानाही असाच चुकतो!" पहिलं पान संपायला पाऊण तास लागला. दुसऱ्या पानानंतर हसणं थांबलं. कोणी घरी मात्र गेलं नाही. कुठे काही जुळत नव्हतं, कुठला क्रम परत येत नव्हता, आणि अंक पुढे येतच होते.

पाच तासांनी सात पानं झाली होती. माझा घसा बसला होता. टेबलावरच्या ढिगाकडे पाहिलं, तर काही कमी झाल्यासारखं वाटेना. कोणीतरी हिशेब केला: न थांबता वाचलं तरी जवळजवळ बारा दिवस लागतील.

रेक्सने टोपी काढून हातात घेतली. "क्लेम, एवढं मोठं धूड आणि त्याला भागणारं कोणीच नाही?"

"कोणीच नाही."

"आणि हा तू बनवलास?"

"छे रे. मी कोण बनवणार! तो होताच. गहू नव्हता, हा समुद्र नव्हता, तेव्हाही होता. फक्त कोणी पाहिला नव्हता."

मागच्या रांगेतल्या म्हाताऱ्या मिसेस ओट्स काठी टेकत पुढे आल्या, त्यांनी आठवं पान उचललं, चष्मा सावरला आणि वाचायला सुरुवात केली.