मासवडीचं ताट

बायबलमधल्या गोष्टी आजच्या पुण्यात घडतायत, अशा कॉमिक्सच्या मालिकेची चित्रं पृथ्वीराज काढायचा. मजकूर कादंबरी साळवे नावाच्या लेखिकेचा. तिचा हट्ट एकच, घर-गल्ली-दुकान खरं हवं, मनातलं चालणार नाही. म्हणून तो आधी मोबाइलवर फोटो काढायचा आणि मग त्यावरून चित्र. नोहाचं तारू त्याने पूर आलेल्या नदीपात्रात, बुडालेल्या मोटारींच्या मधोमध उभं केलं होतं. लोक हसले आणि अंक खपला.

नव्या अंकात एसाव आणि याकोब होते. थोरला एसाव रानातून थकून, भुकेने कासावीस होऊन घरी येतो. धाकट्या याकोबाने डाळीचं कालवण शिजवलेलं असतं. पण वाढायच्या आधी तो अट घालतो, तुझा थोरलेपणाचा हक्क मला दे. थोरला देऊन टाकतो. कादंबरी म्हणाली, पुण्यात डाळीवर कोण हक्क सोडतंय, जरा तोंडाला पाणी सुटेल असं काहीतरी दाखव. पृथ्वीराजने मासवडी दाखवली. शिजवलेलं बेसन फडक्यावर थापायचं, तीळ-खोबऱ्याचं सारण भरून वळायचं, वड्या कापायच्या आणि सोबत झणझणीत रस्सा. स्वयंपाकघराचा फोटो त्याने कर्वेनगरातल्या स्वतःच्याच घराचा काढला, कारण बाहेर ऊन मी म्हणत होतं आणि साहेबांना उठायचा कंटाळा आला होता.

आता याला योगायोग म्हणायचं असेल तर खुशाल म्हणा. त्याच आठवड्यात त्याची थोरली बहीण, सुशीलाताई, मंचरजवळच्या सासरहून येणार होती. वडिलांच्या जमिनीवर बिल्डर इमारत बांधणार होता आणि त्याआधी ताईने हक्कसोड पत्रावर सही करायची होती. म्हणजे आपला वाटा भावाच्या नावावर सोडून द्यायचा, साडी घ्यायची आणि माहेर राखायचं. आत्यांनी हेच केलं होतं. ताईला विचारायला हवं, हे घरात कुणाला सुचलंसुद्धा नाही. आई, आनंदीबाई, सकाळपासून मासवड्या करत होती, कारण ताईला त्या फार आवडतात.

पृथ्वीराजला मात्र थोरल्याचा चेहरा साधत नव्हता. भुकेला काढायला जावं तर तो बावळट दिसायचा. शेवटी त्याने तो तसाच ठेवला. बावळट थोरला सोयीचा होता. बावळटाला फसवलं तर तितकंसं पाप लागत नाही, असं आपल्या सगळ्यांनाच वाटतं.

ताई आली, हातपाय धुतले आणि पानं वाढली जाईपर्यंत टेबलावरची चित्रं बघत बसली. हा तर आपलाच ओटा, म्हणाली. मग गोष्ट काय आहे, ते विचारलं. पृथ्वीराजने सांगितली, दुसऱ्याच कुणाच्या तरी घरची सांगावी तशी. सांगता सांगता त्याचे कान तापले. अर्ध्यात गोष्ट बदलता येईल का, असंही त्याच्या मनात येऊन गेलं, पण बदलून सांगायला दुसरं काही सुचेना.

ताई जेवायला बसली. मन लावून जेवली. आई भाकरी आणायला आत गेली तेव्हा ती म्हणाली, "धाकट्यानं नुसतंच वाढलं असतं तर काय बिघडलं असतं रं? जेवून गेला असता थोरला."

पृथ्वीराजने वडी रश्श्यात बुडवली.

"बाबा गेल्यापास्नं मला जेवायला ये म्हनून फोन आला न्हाई तुझा. ह्यो पहिलाच."

आवाजात राग नव्हता. राग असता तर त्याला भांडता तरी आलं असतं. भाऊबीजेला ती आपणहून यायची आणि तो ओवाळून घ्यायचा. त्याला स्वतःची लाज वाटली, खरोखर वाटली. ताई, उद्या सही करायला जायचं नाही, हे शब्द अगदी ओठांवर आले. पण नव्या इमारतीत वरच्या मजल्यावर त्याने चित्रांसाठी एक खोली मनात केव्हाच मांडून ठेवली होती. खिडक्यांसकट.

तो म्हणाला, "रस्सा घे ना अजून."

तिने घेतला. मग बोटं चाटत म्हणाली, "सही करनार हाय मी. म्हायेर तुटाया नको. पन त्या थोरल्याचं त्वांड बदल. येडा नको काढू त्याला. त्याला समदं कळत हुतं."

दुसऱ्या दिवशी नोंदणी कार्यालयात ताईने नवी साडी नेसून सही केली, अंगठा दिला. फोटोसाठी तिला कॅमेऱ्यासमोर बसवलं. पृथ्वीराज बाजूलाच उभा होता. फोटो काढायच्या आधी तिने वळून एकदा त्याच्याकडे बघितलं, तेव्हा तिथला माणूस वैतागून म्हणाला, बाई, सरळ बघा. ती सरळ बघू लागली. अजूनही तिला थांबवता आलं असतं. पृथ्वीराजने तिची पिशवी धरली होती, तेवढीच धरून तो उभा राहिला.

घरी येऊन त्याने थोरल्याचा चेहरा पुसला आणि नवा काढला. या वेळी तो एकदाच काढावा लागला. पानं बघून कादंबरीचा फोन आला. थोरला फारच छान झालाय, म्हणाली, नजर हलत नाही त्याच्यावरून. मग तिने विचारलं, "पण धाकटा कुठे बघतोय?"

"ताटात."

"तोंड वर कर की त्याचं."

पृथ्वीराज म्हणाला, जमत नाही.